कॉन्ट्राची बखर

प्रति,
माननीय संचालक,
नेहरू विज्ञान केंद्र,
वरळी, मुंबई



आपल्या केंद्रात एक टेबल, दोन खुर्च्या, एक ध्वनिमुद्रक आणि एक स्कॅनर मावेल एवढी जागा मागायला हे पत्र लिहितो आहे. पत्र खुलं ठेवलंय, कारण एका खुर्चीवर तुमचा माणूस बसेल, पण दुसरीवर कोणी येऊन बसायचं हे तुमच्या हातात नाही. तिथे ज्यांनी बसायला हवं त्यांच्याही कानावर हे जावं.

मागणी अशी. साधारण 1984 ते 2000 या काळात महाराष्ट्रात आणि गोव्यात लोक कॉम्प्युटरवर आणि टीव्हीला जोडलेल्या यंत्रांवर काय खेळले, कुठे खेळले, कोणाच्या पैशानं खेळले, याच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्या. घाई करा असं म्हणतो, ते उगाच नाही. चाळिशीत गेम पार्लर टाकलेला माणूस आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे.

विज्ञान केंद्रानं हे का करावं, अशी शंका कार्यालयात कोणीतरी काढणारच. म्हणून आधी ब्रुकहेवनची गोष्ट सांगतो. ती तुमच्याच व्यवसायातली आहे.

न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत दरवर्षी पाहुण्यांसाठी दारं उघडत. भिंतीवरचे तक्ते बघून पाहुणे कंटाळतात, हे तिथल्या विल्यम हिगिनबोथम या भौतिकशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं होतं. हा माणूस युद्धकाळात अणुबॉम्बच्या प्रकल्पावर इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलेला. त्यानं एका ॲनालॉग कॉम्प्युटरला ऑसिलोस्कोप जोडला आणि ऑक्टोबर 1958 मध्ये पाहुण्यांच्या पुढ्यात चक्क टेनिस ठेवलं. छोट्या गोल काचेवर जाळीची एक उभी रेघ, वर उडणारा प्रकाशाचा ठिपका, हातात एक बटण आणि एक फिरवायची खुंटी. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी मोठ्या पडद्यावर तेच पुन्हा झालं, आणि मग सगळं मोडून सुटे भाग दुसऱ्या कामांना लावले गेले. पेटंट घ्यावं असं हिगिनबोथमच्या मनातही आलं नाही. एका प्रदर्शनातला एक नग, एवढीच त्याची किंमत.

त्या पाहुण्यांत डेव्हिड आल नावाचा एक शाळकरी मुलगा होता. पुढे त्यानं ‘क्रिएटिव्ह कम्प्युटिंग’ नावाचं मासिक काढलं. 1982 साली त्याच मासिकात, पहिला व्हिडिओ गेम खरोखर कोणी बनवला असा प्रश्न विचारत हिगिनबोथमच्या टेनिसवर लेख आला. इतरांच्या पेटंटच्या कोर्टकज्ज्यांमुळे वकिलांना या खेळाचा सुगावा लागला होता, पण वाचकांपर्यंत तो पोचला तो या मासिकामुळे, आणि मासिकात आला तो संपादकानं पोरवयात तो खेळून पाहिला होता म्हणून. यंत्र नव्हतं, कोड नव्हता. आठवण होती.

याच आल यांच्या हातून आणखी एक खेळ जगभर गेला. त्याची कहाणी तर याहून नाजूक आहे. 1964 साली न्यूयॉर्क राज्यातल्या मेबल ॲडिस या प्राथमिक शिक्षिकेनं आयबीएमच्या मदतीनं ‘द सुमेरियन गेम’ लिहिला. विद्यार्थी प्राचीन सुमेरमधल्या लगाश नगरीचा राजा व्हायचा. धान्य किती पेरायचं, किती साठवायचं, प्रजेला किती द्यायचं, हे टेलिप्रिंटरवर टंकून ठरवायचा. कथा सांगणारा कॉम्प्युटर गेम इतका आधी एका शिक्षिकेनं लिहिला होता, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नाही. मूळ प्रोग्रॅम हरवला. हाती राहिले ते अहवाल आणि खेळाच्या काही छापील प्रती. पण 1968 च्या सुमारास कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डग डायमेंट या प्रोग्रॅमरचं भाषण झालं. भाषण संपल्यावर एक बाई त्याच्याकडे आल्या. त्यांनी हा खेळ कधीतरी पाहिला होता. तो कसा होता हे त्यांनी तोंडी सांगितलं. डायमेंटनं तेवढ्यावरून आपला खेळ रचला, आल यांनी तो बेसिक भाषेत आणला, आणि 1973 च्या ‘101 बेसिक कम्प्युटर गेम्स’ या पुस्तकातून ‘हमुराबी’ या नावानं तो पुढे घरोघरच्या कॉम्प्युटरवर टाइप होऊ लागला. नगर वसवण्याच्या, राज्य चालवण्याच्या आजच्या खेळांची वंशावळ मागे नेली की ती त्या संभाषणापाशी पोचते. त्या बाईंचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. माझ्या मागणीमागचा राग, रागच म्हणा, इथून येतो.

आता आपल्याकडे येऊ.

कोनामी कंपनीची कॉन्ट्रा ही गेम वाचवायला तुमची-माझी काही गरज नाही. तिचा कोड जगभर असंख्य ठिकाणी जपलेला आहे. साध्या लॅपटॉपवर इम्युलेटर टाकला की ती आजही धावते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं 2023 साली दाखवून दिलं की तिथे 2010 पूर्वी आलेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आता कायदेशीररीत्या बाजारात विकत मिळत नाहीत. ती लढाई मोठी आहे आणि ती लढणारे लोकही खमके आहेत. पण आपल्याकडे जे खेळलं गेलं ते जवळजवळ सगळं जपानी किंवा अमेरिकन होतं, त्याची काळजी घेणारे तिथे आहेत. ज्याला वाली नाही ती इचलकरंजीची कॉन्ट्रा, परभणीची कॉन्ट्रा. प्लॅस्टिकच्या पिवळ्या किंवा काळ्या डबीत, जिला सगळे ‘कॅसेट’ म्हणत, वर ‘9999 इन 1’ असं छापलेलं आणि आत त्याच पंधरा-वीस गेम पुन्हा पुन्हा. कंट्रोलरला ‘रिमोट’. बॅटल सिटीला नुसतं ‘टँक’. ही कॅसेट ज्यात बसायची ते मूळ जपानी यंत्र इथे जवळजवळ कोणी पाहिलंच नाही. पाहिली ती मीडियासारख्या नावांनी विकली गेलेली नक्कल यंत्रं, आणि नंतर तर नावगाव नसलेली. त्या यंत्रांच्या विक्रीचे आकडे एकत्र केलेले कुठे सापडत नाहीत. ज्या दुकानदारांनी ती विकली, लॅमिंग्टन रोडला, मनीष मार्केटात, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, त्यांच्या पावत्या केव्हाच रद्दीत गेल्या असतील.

एकच प्रश्न घ्या. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. कॉन्ट्रात तीस लाइफ मिळवून देणारी ही खूण कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी मुळात ग्रेडियस नावाच्या खेळासाठी 1986 मध्ये आपल्या सोयीकरता घातली होती. तो खेळ त्यांना स्वतःला पार होत नव्हता. अमेरिकेत ती पसरली मासिकांतून आणि शाळेच्या बसमधून, यावर तिकडे रग्गड लिहिलं गेलंय. पण परभणीत कशी आली? मासिक येत नव्हतं, कॅसेटबरोबर माहितीपत्रक नव्हतं, इंटरनेट तर 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचारनं सुरू केल्यावरही परभणीपर्यंत पोचायला वेळच लागला. तरीही ती आली. कोणाचा तरी मुंबईचा मामेभाऊ मे महिन्याच्या सुट्टीत आला असणार, असा माझा तर्क आहे, आणि तर्काच्या पुढे मला जाता येत नाही. आमच्या आळीत ती ज्याला ठाऊक होती तो इतरांची तोंडं भिंतीकडे करायला लावून मग बटणं दाबायचा. ज्ञान कसं पसरतं, हा विज्ञान केंद्राचा विषय नसेल तर कोणाचा?

घरचा कॉम्प्युटर ही आणखी वेगळी वाट. 1984-85 मध्ये केंद्र सरकारनं ‘क्लास’ प्रकल्पाखाली शाळांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर दिले. साक्षरतेसाठी दिले, मुलांनी त्यावर आणखी काय केलं असेल याची कल्पना करणं कठीण नाही. किल्ली कोणत्या शिक्षकाकडे असायची? मुलींची बारी कधी यायची? यायची का? 1986 च्या सुमारास डेसिबेल्स कंपनीनं सिंक्लेअर स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. ती ऑडिओ कॅसेटवरून गेम चढवायची, टेपरेकॉर्डर लावून, किरकिर ऐकत. 1995 मध्ये शॉ वॉलेस या, मुख्यतः मद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनं सेगाचा मेगा ड्राइव्ह इथे आणला. आयातकर 80 टक्के होता, त्याला वळसा घालण्यासाठी हा करार होता, आणि तरी एका यंत्राची किंमत 18,000 रुपये. तेवढे पैसे मोजून ते कोणी घेतलं? अशा एका घराचा पत्ता लागला तरी मुलाखतीला धावत जावं.

कागद का नाहीत, याचं एक कारण कायद्यातही आहे. 1954 च्या कायद्यानं प्रकाशकाला पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय त्यांतलं एक. पुढे वर्तमानपत्रं त्यात आली. खेळ कधीच आले नाहीत. 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायची मुभा मिळाली, पण त्यांच्याकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असेल तरच. फ्लॉपीवर जन्मलेल्या खेळाची बिगर-डिजिटल प्रत कुठून आणायची, हे कायदा लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तुम्ही उद्या खेळांच्या प्रती जमवायला निघालात तर विधी विभाग तुम्हाला थांबवेल, आणि बरोबर थांबवेल. माणसाची आठवण नोंदवायला मात्र हा कायदा आडवा येत नाही.

आठवणींवर विश्वास किती ठेवायचा? इथे मराठी माणसाला बाहेरून काही शिकायची गरज नाही. बखर की दफ्तर, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींतले कालविपर्यास आणि नामविपर्यास कठोरपणे दाखवले आणि घरोघरची दफ्तरं पालथी घालून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली. त्यांचं बरोबरच होतं. पण कागदात जे कधी उतरलंच नाही तिथे बखर नाकारली की हातात काहीच उरत नाही. गेम पार्लरचं दफ्तर नाही. म्हणून बखर घ्यायची, आणि बखरीसारखीच तपासायची.

तपासणी लागते, कारण या विषयातल्या आठवणी फार चकवतात. ‘पॉलिबियस’ नावाचा खेळ 1981 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या पार्लरांत होता, मुलांना त्यानं वेड लावलं, काळ्या सुटातले लोक येऊन यंत्रातली माहिती नेत, अशी आख्यायिका आहे. तो आपण खेळलो असं शपथेवर सांगणारी माणसं निघाली. असा खेळ होता याचा एकही विश्वसनीय पुरावा नाही. उलट बाजू न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोची. अटारी कंपनीनं 1983 साली न खपलेल्या कॅसेटी तिथल्या कचराभूमीत पुरल्या, असं लोक सांगत. तीस वर्षं उलटली तरी कित्येकांना ती दंतकथा वाटे. एप्रिल 2014 मध्ये खणलं, आणि कॅसेटी निघाल्या. पण ‘ई.टी. या खेळाच्या लाखो कॅसेटी’ हा तपशील चुकीचा ठरला, ई.टी. होती, पण बरोबर इतर कितीतरी खेळ होते. लोकांना पुरल्याचं बरोबर आठवलं, काय पुरलं ते कथेनं आपल्या सोयीनं बदलून घेतलं. आपल्या पार्लरांच्या आठवणींतही हेच होईल. प्रत्येक जण सांगेल की त्यानं मारिओ संपवला होता.

बखर आणि दफ्तर दोन्ही हाती असली की काय होतं, त्याचा नमुना ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’चा. विल क्राउथर या प्रोग्रॅमरनं तो केंटकीतल्या गुहांवरून आपल्या मुलींसाठी लिहिला, 1975-76 च्या सुमारास. डॉन वूड्स यांनी तो वाढवला आणि जगभर गेली ती वाढवलेली आवृत्ती. क्राउथरचा मूळ कोड गेला असंच सगळे धरून होते. डेनिस जर्झ या अभ्यासकानं चिकाटी धरली, आणि वूड्स यांच्या विद्यार्थिदशेतल्या खात्याच्या एका जुन्या बॅकअपमध्ये तो सापडला. पण जर्झ कोडवर थांबले नाहीत. क्राउथरबरोबर गुहा धुंडाळणाऱ्या लोकांना भेटले, त्यांच्याबरोबर स्वतः गुहेत उतरले, खेळातली कोणती वाट खरी आणि कोणती कल्पित हे दगडाशी ताडून 2007 मध्ये लिहिलं. असं काम मराठीत कोणी केलं तर त्याचे जोडे उचलायला मी तयार आहे.

नोंदवायचं कसं, यासाठीही घरचा दाखला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामात खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, जात, सगळं टिपलं गेलं. म्हणून आज ती ओवी कुणाची हे सांगता येतं. खेळाच्या आठवणींनाही हीच शिस्त लावा: सांगणाऱ्याचं नाव (नको असेल तर वगळून), गाव, तेव्हाचं वय, यंत्र कोणाचं होतं, आठवण कोणत्या साली सांगितली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मेलनी स्वॉलवेल यांच्या गटानं 1980 च्या दशकातल्या तिथल्या खेळांसाठी असाच लोकस्मृतींचा संग्रह उभारला. खेळ बनवणाऱ्यांबरोबर खेळणाऱ्यांनाही त्यात बोलावलं. तेव्हा हे जगावेगळं काही नाही.

विचारताना एक खबरदारी. या पत्राला उत्तर म्हणून सर्वांत आधी धावत येतील ते माझ्यासारखे: इंग्रजी वाचणारे, पुढे कॉम्प्युटरमध्ये नोकरीला लागलेले पुरुष. आम्हाला आठवणी सांगायची फार हौस असते आणि आमच्या आठवणी एकमेकांसारख्या असतात. आम्हाला रांगेत मागे उभं करा. आधी टीव्ही मेकॅनिक शोधा, ज्यानं जळलेला अडॅप्टर दुरुस्त करून दिला आणि नक्कल यंत्राच्या पोटात काय असतं ते पाहिलं. पार्लरवाले शोधा, परवाना असेल तर त्याचा कागद स्कॅन करून घ्या, तोच तुमचा दफ्तराचा तुकडा. ज्यांनी कॉपी केलेल्या फ्लॉप्या विकल्या त्यांना नाव न छापण्याचं वचन द्या, नाहीतर ते तोंड उघडणार नाहीत. बहिणींना विचारा. पार्लरात मुली जवळपास नसत, असं आम्ही सगळे सांगू, आणि मग कळेल की दुपारी भाऊ शाळेत असताना घरी कोण खेळत होतं.

प्रश्नही कोरडे नकोत. लाइट गेली की काय व्हायचं, हे विचारा. सेव्ह करायची सोय नसलेल्या खेळात भारनियमन हा जणू एक शत्रूच होता. दोन लाइफ उरल्यावर रिमोट कोणाकडे जायचा, हा नियम प्रत्येक घराचा वेगळा होता, तो लिहून घ्या. सुट्टीत यंत्र भाड्यानं मिळत होतं का, अनामत काय ठेवावी लागायची. डॉसवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ चालू करताना पुढे ‘मेगाहिट’ लिहिलं की फसवाफसवीच्या किल्ल्या खुलतात, हे कोणी सांगितलं. त्या खेळाचा कर्ता जॉर्डन मेकनर याचा ॲपल टू साठीचा मूळ सोर्स कोडसुद्धा कैक वर्षं बेपत्ता होता. 2012 मध्ये त्याच्या वडिलांना कपाटात डिस्कांचं खोकं सापडलं तेव्हा तो मिळाला. आपल्याकडच्या माळ्यांवरही खोकी आहेत. मुलाखतीला येणाऱ्यांना ती घेऊन यायला सांगा, आणि कॅसेटवरचं स्टिकर फाटलेलं असलं तरी पुसू नका, त्यावर पेनानं लिहिलेल्या यादीचा फोटो घ्या. कोणत्या क्रमांकावर कोणती गेम, हे त्या हस्ताक्षरात आहे.

बनवणाऱ्यांनाही विसरू नका. 1999 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या इंडियागेम्सनं पुढे मोबाइलवरच्या जावा गेमचा धंदा मोठा केला. त्या गेम ज्या हँडसेटवर चालत ते हँडसेट केव्हाच भंगारात गेले. तिथे आणि तशा लहान-मोठ्या कंपन्यांत राबलेली मंडळी आज पन्नाशीच्या आतबाहेर, मुंबई-पुण्यातच आहेत. हा काळ माझ्या मागणीच्या थोडा पुढचा, पण तो नोंदवणं सर्वांत सोपं आहे, म्हणून सोडू नये.

खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीला दोन प्रशिक्षित मुलाखतकार आणि मराठीत लिहिलेलं एक पानी संमतिपत्र, एवढ्यावर भागेल. वरळीपुरतं थांबू नका. नागपूरचं रमण विज्ञान केंद्र आणि पणजीत मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र तुमच्याच कुटुंबातले आहेत. तिथल्या आठवणी मुंबईपेक्षा वेगळ्या निघतील. नागपूरला रेल्वेनं कोणता माल कुठून आला, गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी कोणती यंत्रं घरी आणली, हे तिथेच कळेल. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या फिरत्या विज्ञान प्रदर्शनाच्या बसगाड्या जिल्ह्याजिल्ह्यांत जातात. त्यांतल्या एकीत मागच्या बाकावर ध्वनिमुद्रक ठेवून माणूस बसवायला हरकत कोणती?

उत्तर टपालानं दिलंत तरी चालेल. फक्त ते देताना कोणत्या अधिकाऱ्याकडे हा विषय सोपवला त्यांचं नाव कळवावं, म्हणजे माझ्याकडे आलेले पार्लरवाल्यांचे पत्ते त्यांच्या संमतीनं थेट तिकडे पाठवता येतील. त्यांतले दोघे जण सोमवार ते शुक्रवार दुकानात असतात आणि दुकान सोडून मुंबईला येणार नाहीत, तेव्हा मुलाखतकारालाच तिकडे जावं लागेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
कॉन्ट्रा आजवर एकदाही न संपवलेला एक वाचक